फायर इन्स्पेक्शन तोंडावर आलंय आणि गच्चीला कुलूप आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याजवळची १४ मजल्यांची, दोन विंगची सोसायटी. गेल्या वर्षी घरफोडी झाली, म्हणून कमिटीने लॉबीला आणि जिन्याला कार्डवर उघडणारे दरवाजे बसवले, लिफ्टलाही कार्ड लावलं, कॅमेरे वाढवले, गेटवर बूम बॅरियर आला आणि गच्चीला कुलूप ठोकलं. आता अग्निशमन दलाची तपासणीची नोटीस आली आहे, जुलैचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, भरायचा आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. सिक्युरिटीवाला वेंडर म्हणतो आमची सिस्टिम ओके, फायरची एजन्सी म्हणते आमचीही ओके. सेक्रेटरी विचारतायत, मग मी नेमकं काय तपासू?

दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. सिक्युरिटीवाल्याचं काम माणसाला अडवायचं, फायरवाल्याचं काम माणसाला सोडायचं, आणि दोघांचा दरवाजा एकच. दोघांच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, कागदपत्रं काढून बघा. या दोन सिस्टिम एकत्र चालवून बघायची जबाबदारी बहुधा कुणाच्याच करारात लिहिलेली नसेल. तुमचा खरा प्रश्न यंत्रं चालू आहेत का हा नाही. रात्री तीन वाजता सातव्या मजल्यावर धूर झाला, तर कार्ड घरात विसरलेली आजी खाली पोचते का, हा आहे. तपासणीची तयारी या प्रश्नापासून सुरू केलीत तर बाकीची यादी आपोआप तयार होते.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण 'आमच्या शेजारच्या सोसायटीत चालतं' या वाक्याने बरेच लोक फसतात. इमारतीची उंची, नकाशा कधी आणि कुठल्या नियमावलीखाली मंजूर झाला, हद्द महापालिकेची की एमआयडीसीची, तळमजल्यावर दुकानं आहेत का, यावर काय काय बसवलेलं असायला हवं ते ठरतं. राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे २०१६चा एनबीसी, १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानतो. स्थानिक नियमावलीतल्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. त्यामुळे तुमच्यासाठी पहिला ग्रंथ म्हणजे तुमचीच फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र), तिच्या अटी आणि तिच्यासोबतचा मंजूर नकाशा. बिल्डरने हस्तांतराच्या वेळी दिला नसेल तर आजच अर्ज करून प्रत मागा. अटी न वाचता तपासणीची तयारी करणारी कमिटी मी सर्रास बघतो. नकाशात जिन्याचा दरवाजा कुठे आहे, रिफ्यूज एरिया, म्हणजे आगीत थांबायची मोकळी जागा, कुठल्या मजल्यावर आहे, बंब फिरायला मोकळी सोडलेली जागा कुठली, हे कमिटीत कुणालाच ठाऊक नसतं.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं आहे. प्रत्यक्ष देखभाल न करता असं प्रमाणपत्र देणं एजन्सीलाही मना आहे. तरी दोन फोटो व्हॉट्सॲपवर मागवून फॉर्म बी पाठवणारे आहेतच. स्वस्त पडतो. पण उद्या काही झालं तर 'एजन्सीने सही केली होती' म्हणून कमिटी सुटत नाही. एजन्सीचा परवाना चालू आहे का आणि तो नेमक्या कुठल्या कामासाठी आहे, एवढं तरी बघून घ्या.

आता दरवाजे. माझा निम्म्याहून जास्त वेळ यांच्यावर जातो आणि तुमचाही जावा असं माझं मत आहे.

दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. आग खाली पार्किंगच्या पातळीवरच्या ट्रान्सफॉर्मरची होती. मेले ते बाल्कनीतले प्रेक्षक, ज्यांच्या बाहेर पडायच्या वाटा बंद किंवा जादा खुर्च्या टाकून अडवलेल्या होत्या, आणि मेले ते धुराने गुदमरून. तुमच्या इमारतीत जादा खुर्च्या नसतील, कार्डवाले दरवाजे आहेत.

असे बहुतेक दरवाजे ईएम लॉकवर चालतात. वर चौकटीत विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दार धरून ठेवतो, वीज गेली की सोडतो. म्हणून वेंडर सांगतो, 'साहेब, फेल-सेफ आहे, लाइट गेली की उघडणार.' अर्धसत्य आहे हे. लाइट गेल्यावर चोर शिरू नये म्हणून त्याच वेंडरने लॉकला बॅटरी किंवा यूपीएस दिलेला असतो. त्यामुळे इमारतीची मेन बंद केली तरी लॉक आरामात काही तास धरून ठेवतो. मेन स्विच पाडून दार उघडतं का बघणं ही चाचणी म्हणूनच अपुरी आहे. बघायचं ते हे, की फायर पॅनेलचा, म्हणजे आगीच्या अलार्मच्या मुख्य पेटीचा, सिग्नल लॉकची वीज बॅटरीच्या पुढे, लॉकच्या बाजूला तोडतो का. आणि तोही तारेने, रिलेतून, म्हणजे सिग्नल आला की वीज तोडणाऱ्या स्विचमधून. काही ठिकाणी पॅनेलचा सिग्नल नेटवर्कवरून कॉम्प्युटरला जातो, कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कंट्रोलरला (कार्ड तपासून दार सोडणाऱ्या यंत्राला) सांगतं आणि कंट्रोलर दार सोडतो. डेमोला छान दिसतं. आगीत यातला पहिला कोण मरेल याचा नेम नाही. रिलेची जोडणीही अशी हवी की वायर जळून तुटली तर दार सुटलं पाहिजे. वायर तुटली आणि दार बंदच राहिलं, असं उलटं जोडलेलं मी बघितलं आहे.

दाराशेजारचं 'पुश टू एक्झिट' बटण बघून निश्चिंत होऊ नका. ते बहुतेक वेळा कंट्रोलरला विनंती करतं, आणि कंट्रोलर हँग असेल तर विनंती ऐकायला कुणी नसतं. त्याच्या जोडीला हिरवी पेटी हवी, जी दाबली की लॉकची वीज थेट तुटते. लाल पेटी आगीचा अलार्म वाजवायला, हिरवी दार सोडायला. दोन्हींवर मराठीत लिहा. रहिवाशांपैकी निम्म्यांना हा फरक माहीत नसतो.

लॉबीच्या मुख्य दाराबद्दल मला विचारलंत तर मी तिथे ईएम लॉक ठेवणारच नाही. बाहेरून कार्ड आणि आतून साधा हँडल, जो दाबला की दार दर वेळी उघडतं, असं यांत्रिक कुलूप बसवीन. आतून येणाऱ्या माणसाचा विजेशी, पॅनेलशी, सॉफ्टवेअरशी काही संबंधच उरत नाही. शिवाय सभासद हमखास विचारतात, की चोराने मुद्दाम लाल पेटी दाबली तर सगळे दरवाजे उघडे पडतील, मग काय? या कुलपाने तो प्रश्नही लॉबीपुरता मिटतो, कारण आत येणं बंदच राहतं.

जिन्याचा दरवाजा उलट्या बाजूनेही तपासा. मजल्यावरून जिन्यात जाता येतं, पण जिन्यातून परत मजल्यावर यायला कार्ड लागतं, अशी रचना सोसायट्यांत वाढतेय. डिलिव्हरीवाले भटकू नयेत हा हेतू. पण आठव्या मजल्यावरचा माणूस जिन्यात उतरला, सहाव्यावर धूर लागला, तर त्याला मागे फिरून कुठल्या तरी मजल्यावर शिरता आलं पाहिजे. जवानांनाही जिन्यातूनच मजल्यावर यायचं असतं. त्यामुळे अलार्म झाला की ही दारं दोन्ही बाजूंनी सुटली पाहिजेत. सुटली पाहिजेत, पण उघडी राहता कामा नयेत. धूर अडवायला क्लोजरने, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या यंत्राने, ती बंद व्हायलाच हवीत. वीट लावून उघडं ठेवलेलं फायर डोअर आणि कुलूप लावलेलं फायर डोअर, दोन्ही सारखेच निकामी.

लिफ्टच्या कार्डाचंही तेच. अलार्मनंतर लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबली पाहिजे, आणि फायरमन स्विच लावल्यावर जवानाला कार्डाशिवाय हव्या त्या मजल्यावर जाता आलं पाहिजे. कार्ड रीडर नंतर बसवताना लिफ्ट कंपनीला विचारलं होतं का, हे तपासा. बऱ्याचदा नसतं विचारलेलं.

आता हे सगळं तपासायचं कसं. युक्ती एकच आहे: फायर एजन्सीचा माणूस, कार्डच्या दरवाजांचा वेंडर आणि लिफ्टचा मेकॅनिक, तिघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवा. रविवारी सकाळी ठीक. वेगवेगळे आले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून जाईल. रहिवाशांना आदल्या दिवशी नोटीस द्या, नाहीतर घबराट होईल. प्रत्येक दारापाशी एक माणूस फोन घेऊन उभा करा. मधल्या एखाद्या मजल्यावरची लाल पेटी टेस्टच्या किल्लीने चालवा. हूटर, म्हणजे भोंगा, सगळीकडे ऐकू येतो का, बेडरूमचं दार लावून एसी चालू असताना ऐकू येतो का, प्रत्येक दार कार्डाशिवाय ढकलून उघडतं का, लिफ्ट खाली आली का, बूम बॅरियर वर गेला का, हे जागच्या जागी लिहून घ्या. मग मेन बंद करून, म्हणजे सगळं बॅटरीवर असताना, हेच पुन्हा करा. मग अलार्म नसताना प्रत्येक हिरवी पेटी. मग कंट्रोलरचं नेटवर्क काढून पुन्हा एकदा.

आणि शेवटची पायरी, जी सगळे गाळतात: पॅनेल रीसेट केल्यावर दारं पुन्हा लागतात का. लागत नसतील तर काय होतं सांगतो. एखाद्या रात्री खोटा अलार्म होतो, दारं उघडी राहतात, वॉचमनला सकाळी बोलणी बसतात, आणि आठवड्याभरात कुणीतरी रिलेची वायर काढून ठेवतं. पुढच्या तपासणीपर्यंत कुणाला कळत नाही. खोटे अलार्म वारंवार होत असतील तर धूर ओळखणारा डिटेक्टर साफ करा, स्वयंपाकघराच्या वाफेजवळचा असेल तर त्याचा प्रकार किंवा जागा बदलायला एजन्सीला सांगा. झोन, म्हणजे त्या भागाचे डिटेक्टर, बंद करून ठेवणं हा उपाय नाही, आणि पॅनेलवर बंद केलेला झोन अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतो. पॅनेलवर पिवळा फॉल्टचा दिवा लागलेला असेल आणि बझर गप्प केलेला असेल, तर पुढची तपासणी कुठल्या सुरात होणार ते तिथेच ठरलं म्हणा.

या चाचणीचा एक तक्ता करा: दार, वेळ, निकाल, तिघांच्या सह्या. फॉर्म बीसोबत तो मागितला जाईलच असं नाही, पण समोर ठेवल्यावर बोलणं बदलतं.

गच्चीचं कुलूप हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत तापलेला भाग दिसतो. ते कुणी उगाच लावत नाही. मुलं कठड्यावर चढतात, रात्री पार्ट्या होतात, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चोर येतो, कुणी जीव द्यायला वर जातं. ही कारणं खरी आहेत. आगीत गच्चीवर पळा असंही मी कुणाला सांगणार नाही. वाट मोकळी असेल तर खालीच उतरायचं, कारण धूर वर चढतो. पण वरच्या मजल्यांवरच्या माणसाला खाली धूर दिसला तर तो वरच धावणार, आणि गच्चीचं दार बंद असेल तर जिन्याचा माथा म्हणजे धुराची पेटी होते. त्यामुळे वॉचमनकडे किल्ली ठेवणं मला मान्य नाही. काचेच्या पेटीत किल्ली टांगणंही नाही, कारण धुरात ती दिसत नाही आणि दोन वर्षांनी ती किल्ली त्या कुलपाची राहिलेली नसते. पॅनिक बार बसवा: आतून आडवा दांडा ढकलला की उघडतं, बाहेरून बंद. त्याला हूटर जोडा, आवाज गच्चीच्या दाराशी आणि वॉचमनच्या केबिनमध्येही. जिन्याच्या माथ्याकडे एक कॅमेरा वळवा. मुलांचा, पार्टीचा आणि चोराचा प्रश्न यात बहुतेक सुटतो. जीव देण्याचा धोका पुरता जात नाही, पण केबिनमध्ये हूटर वाजला की माणूस वर पळू शकतो. एनओसीत गच्चीच्या दाराबद्दल वेगळी अट असेल तर अर्थातच तिचं पालन करा.

रिफ्यूज एरियालाही हाच न्याय. तिथे कुलूप नको, जिम नको, जुनं फर्निचर नको, गणपतीच्या मंडपाचं सामानही नको. सिक्युरिटीसाठी म्हणून जाळी लावलेली असेल तर ती काढावी लागेल. यात वाटाघाटीला जागा नाही. घरांच्या खिडक्यांच्या ग्रिल मात्र खासगी भाग, तिथे कमिटीचा हात आखडतो. निदान प्रत्येक घरात एका ग्रिलला उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली तिथेच जवळ असावी, असं पत्रक काढा. सेफ्टी डोअर लॉबीत बाहेरच्या बाजूला उघडून जिन्याची वाट अडवत असेल तर तो सामायिक जागेचा प्रश्न आहे, आणि तिथे कमिटीला बोलता येतं.

गेटकडे या. बूम बॅरियर विजेशिवाय हाताने उचलता येतो का, आणि रात्रीच्या वॉचमनला तो उचलता येतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. गाड्या शिस्तीत लावाव्यात म्हणून रोवलेले खांब, कुंड्या, नव्या केबिनची कमान, पाहुण्यांच्या गाड्या, ही सगळी बंबाच्या वाटेत येतात. मंजूर नकाशा हातात घेऊन ती वाट चालून बघा. इमारतीच्या कडेची मोकळी जागा पार्किंग म्हणून आखून कुणाला वाटली असेल, तर त्रास आहे. तो तीन आठवड्यांत सुटणार नाही, पण पट्टे पुसून गाड्या हलवल्याचं दिसलं पाहिजे. गेटजवळ भिंतीत बंबाची होज जोडायचं इनलेट असतं. ते झाडाझुडपात, बाकड्यामागे किंवा चक्क नव्या सिक्युरिटी केबिनमागे गेलेलं सापडतं.

कॅमेरे फायरच्या तपासणीत थेट येत नाहीत. त्यांच्या वायरी येतात. कॅमेऱ्याच्या आणि इंटरनेटच्या वायरी नेण्यासाठी मजल्यामजल्यावर डक्टमध्ये भोकं पाडली जातात आणि तशीच सोडली जातात. डक्टला आग लागली की धूर त्या भोकांतून प्रत्येक मजल्यावर पोचतो. ही भोकं आगरोधक मसाल्याने बंद करून घ्या. पीयू फोम मारून वेंडर मोकळा होतो, पण साधा फोम स्वतःच पेटतो. भोकं पाडली त्यानेच ती भरावीत, असं पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये लिहा. डक्टमध्ये झाडू, रद्दी, जुन्या चपला ठेवल्या असतील तर त्या आजच बाहेर काढा.

पंप आणि पाणी याबद्दल तुमची एजन्सी ओके म्हणतेय, तेव्हा थोडक्यात. स्वतः उभं राहून सर्वांत वरच्या मजल्याचं हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) उघडायला लावा. दाब पडला की छोटा जॉकी पंप आपोआप चालू झाला पाहिजे, आणखी पडला की मेन पंप. सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर आहे ना ते बघा. 'मॅन्युअल'वर ठेवलेले पंप ही नित्याची गोष्ट आहे. एनबीसीप्रमाणे सर्वांत वरच्या, लांबच्या हायड्रंटला दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलो दाब मिळायला हवा, आणि तो पाणी वाहत असताना. इमारतीची मेन बंद केल्यावर पंपाचा पुरवठा चालू राहतो का हेही बघा, कारण जवान आल्यावर सर्वप्रथम मेनच बंद करतात. डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरी. बाकी होज, ब्रँच पाइप, सिलिंडरच्या तारखा एजन्सी बघेलच.

एवढं झाल्यावर उरतो वॉचमन. रात्री पॅनेलसमोर तोच असतो, आणि सिक्युरिटी एजन्सी माणसं बदलत राहते. त्याला चार गोष्टी आल्या पाहिजेत: पॅनेलवरचा मजला वाचणं, १०१ला फोन करून पत्ता नीट सांगणं, बॅरियर उचलणं आणि पंप रूमची किल्ली कुठे आहे हे सांगणं. अधिकारी कमिटीला बाजूला ठेवून थेट वॉचमनलाच विचारतात, आणि योग्यच करतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या, दोन्ही पाळ्यांना प्रत्यक्ष करून दाखवायला लावा. केबिनमध्ये मराठी-हिंदीत एक पानाची सूचना चिकटवा.

वेळेची वाटणी मी अशी करीन. पहिल्या आठवड्यात एनओसी आणि नकाशा मिळवणं, वाटा मोकळ्या करणं, कुलपं काढणं. याला पैसे लागत नाहीत. त्याच आठवड्यात रविवारची एकत्र चाचणी. दुसऱ्या आठवड्यात रिले, हिरव्या पेट्या, पॅनिक बार, भोकं भरणं. तिसऱ्यात पुन्हा तीच चाचणी, आणि मगच एजन्सीकडून फॉर्म बी. आधी फॉर्म बी आणि नंतर दुरुस्ती, असा क्रम एजन्सी सुचवेल, ऐकू नका.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांसोबत एकच माणूस फिरू दे, ज्याने ही चाचणी केली आहे तो. पाच जण पाच उत्तरं देतात. जे राहिलं आहे ते लपवू नका. त्याची यादी, वर्क ऑर्डर आणि काम पूर्ण व्हायची तारीख कागदावर द्या. त्रुटी निघाल्या तर नोटिशीत मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या आत लेखी पूर्तता पोचवा आणि पोच घ्या. तोंडी 'करतो साहेब' याला काही अर्थ नसतो.

तुमचे लॉक कुठल्या प्रकारचे आहेत आणि एनओसीत जिना व गच्ची यांबद्दल काय लिहिलंय ते कळवलंत, तर रिलेची जोडणी कुठे आणि कशी करायची ते आणखी नेमकं सांगता येईल.